बिडाचं चाक

"ओला चारा कोंबला तू, म्हनून मोडलं चाक! आता म्हैस काय दातानं कुट्टी करून खानार हाय?"

माणिकराव अंगणात उभा राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडत होता. कडबाकुट्टीच्या मशीनचं बिडाचं चाक दोन तुकडे होऊन त्याच्या पायाशी पडलं होतं. केशरबाईनं हातातली पेंढी खाली टाकली आणि चुलीत शिरलेल्या कुत्र्याकडं पाहावं तसं नवऱ्याकडं पाहिलं. कडबा इतका वाळला होता की मुठीत धरला तर भुगा व्हायचा. ओला म्हणे! साखरा गावाच्या शिवारात वैशाखात माणसाच्या डोळ्यात पाणी येत नाही, ते चाऱ्यात कुठून येणार?

ओरड कशासाठी आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हैस विकून फटफटी घ्यायचं त्याच्या डोक्यात दिवाळीपासून घोळत होतं. म्हैस तिनं वगार होती तेव्हापासून वाढवलेली, घर तिच्या दुधावर चाललेलं. ती विकायला त्याला फक्त निमित्त सापडत नव्हतं. आज चाकानं दिलं.

"गुलाम नबी चाचाला बोलवा," ती म्हणाली. "चाक त्यायनंच जोडलं व्हतं. त्येच सांगतील."

"बोलव की! मी काय भितो?"

मागं चाकाचा एक आरा तडकला होता, तो गुलाम नबी लोहारानं तापवून पितळेनं जोडून दिला होता. म्हातारा आला. फुकटचा तमाशा बघायला शेजारचा खेमा आणि आणखी दोघं-तिघं मागोमाग आले. गुलाम नबीनं तुकडा उन्हात धरला, मोडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

"हे बघा. आत मोड ताजी हाय, करडी, रवाळ. अन् कडेला ही काळी-तांबूस रेघ. चीर जुनी हाय, आत गंज चढला. आज नुसता शेवट झाला. ह्यात बाईचा काही गुन्हा न्हाई." त्यानं मान वर केली. "जोडलं त्या दिशी मी चाक हळूहळू निवायला गरम राखेत झोपवून नमाजला गेलतो. सकाळी न्या म्हनलो व्हतो. आलो तर चाक गायब अन् राख भिजलेली. माणिकराव, पाणी कोनं टाकलं?"

"मीच!" माणिकरावनं छाती पुढं काढली. "रातभर कोन वाट पाहतं? आमचे आबा बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायचे, तवा लालबुंद धावंवर घागरीनं पाणी ओतायचे. एक धाव तडकली न्हाई. लोखंड ते लोखंड!"

"धावंचं लोखंड वाकतं. हे बीड, ओतीव लोखंड. ह्याच्यावर धा मानसं बराबर उभी करा, पेलंल. पन ओढ लागली, घणाचा घाव बसला, तापल्यावर गार पाणी पडलं, की खलास. मोडायच्या आधी वाकून सांगत न्हाई ते."

केशरबाई हसली. "चाचा, काहून तोंड शिणवून राहिले? तापल्या तव्यावर पाणी टाकू न्हाई, हे नव्या नवरीलाबी कळतं. ह्यायला कसं कळावं? चुलीपाशी हे निस्ते गिळायला येतात."

खेमा खदखदून हसला. "माणिकराव, दोन दिस नवरी व्हऊन बघा आता!"

ते झोंबलं. "आन तुझा तवा!" माणिकराव किंचाळला. "आत्ता दावतो."

तवा बिडाचाच होता, तिच्या आईनं दिलेला. केशरबाई क्षणभर थबकली. मग तिनं गोठ्याकडं पाहिलं.

"घ्या. पन फुटला तर म्हशीचं नाव काढायचं न्हाई. चार मानसं ऐकून राहिली."

"अन् न्हाई फुटला तर उद्याच म्हैस बाजारात!"

चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या तिनंच सारल्या, हात आखडता न घेता. तवा लाल झाला. माणिकरावनं आबांचं नाव घेतलं आणि तांब्या उपडा केला. वाफेत त्याचं तोंड नाहीसं झालं. वाफेच्या आतून आवाज आला, टण्!

वाफ विरली तेव्हा तवा मधोमध दुभंगला होता.

"आबायनं ऐकलं वाटतं," खेमा म्हणाला.

गुलाम नबीनं चाकाचे तुकडे पोत्यात भरले. "भंगारात असलंच एक चाक पडलंय, ते बसवून देतो. बाई, न्यायला तुमी या. ह्यायला पाठवू नका."

संध्याकाळी माणिकराव जेवायला बसला. केशरबाईनं चुलीवर अर्धा तवा ठेवला, त्यावर मावेल तेवढीच भाकर भाजली आणि त्याच्या ताटात टाकली.

"अर्धीच?"

"तव्याएवढी हाय. बाकीची आबायला मागा."

गोठ्यात म्हैस न कापलेला, अख्खा कडबा कराकरा खात होती. दातानंच.