मे महिन्यात तिथे रात्र होत नाही

"मे महिन्यात तिकडं स्वेटर लागंल का गं?"

तानुबाईंनी हे विचारलं तेव्हा रश्मी त्यांच्या संत तुकाराम नगरच्या घरात ओट्याशी उभी राहून कोथिंबीर निवडत होती. रविवार होता. ती आणि प्रितम मोशीहून जेवायला आले होते.

"तिकडं म्हणजे कुठे, आई?"

"कुठं म्हंजे? तुझे ते आभाळातले लाइट बघायला. प्रितम म्हणाला, मेमदी समदेच जाऊ. मी, हे, सनी, त्याची बायको, पोरं. तुला ठावं न्हाई व्हय?"

रश्मीच्या हातातली जुडी तशीच राहिली. तिला ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं ते एवढंच, की मार्चमध्ये ती आणि प्रितम स्वीडनच्या उत्तर टोकाला अबिस्को नावाच्या लहानशा गावात जाणार होते आणि तिथली खोली दिवाळीतच ठरली होती.

चाकणच्या एका कारखान्यात ती वेल्डिंगची तपासणी करायची. दोनेक वर्षांपूर्वी लडाखच्या आकाशात ध्रुवीय प्रकाशाची लाली पसरली होती, तिचा फोटो कँटीनमध्ये कुणीतरी दाखवला आणि तेव्हापासून तिला ध्यास लागला. बसमधून जाता-येता तिने वाचून काढलं. हे प्रकाश सूर्याच्या जोरावर उमटतात आणि तो जोर काही वर्षांनी वाढतो, मग ओसरतो. आत्ता तो ओसरायला लागला होता. आत्ता राहिलं तर इतका जोर पुन्हा यायला दहा-अकरा वर्षं जाणार होती. मार्च चांगला, कारण दिवस-रात्र सारखे होतात त्या सुमारास हे प्रकाश जास्त दिसतात. अमावास्या चांगली, कारण चांदणं आड येत नाही. नॉर्वेचा किनारा नको, तिथे समुद्राचे ढग. अबिस्को डोंगरांच्या पलीकडे, तिथे ढग कमी पोचतात. हे सगळं तिने प्रितमला जेवताना सांगितलं होतं, गाडीत सांगितलं होतं, झोपताना सांगितलं होतं. तो "हं" म्हणायचा.

ती बाहेरच्या खोलीत गेली. सासरे विलासराव पेपर वाचत होते. प्रितम आणि त्याचा धाकटा भाऊ सनी मोबाइलवर क्रिकेट बघत होते.

"प्रितम, मे महिन्यात आपण कुठे चाललोय?"

त्याने मान वर केली आणि हसला. "आईनं फोडलं का? सरप्राइज होतं राव. सगळी फॅमिली. आमच्या प्लँटला मे अखेरीला शटडाउन असतो, पोरांना सुट्टी. चिंचवडचा टूरवाला रणजीत सगळं बघतोय, पासपोर्टपासून जेवणापर्यंत."

"आणि मार्च?"

"मार्चला मला सुट्टी कुठे मिळते? ती खोली, विमानाची तिकिटं, सगळं मी कॅन्सल केलं. बुकिंग माझ्याच मेलवरून होतं ना."

"मला न विचारता?"

"अगं, जायचं तर आहेच. दोन महिने पुढे, एवढंच."

सनीने मोबाइलचा आवाज कमी केला. सासऱ्यांसमोर ओरडायचं नाही म्हणून ती स्वयंपाकघरात परतली आणि कोथिंबीर इतक्या जोरात चिरली, की तानुबाई म्हणाल्या, "बोट कापशील."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने प्रितमला चिंचवडला त्या रणजीतच्या ऑफिसात नेलं. "मला फक्त एक प्रश्न विचारायचाय," एवढंच ती बोलली. मोशीपासून स्पाइन रोडवर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. प्रितमने दोनदा गाणी लावली, तिने दोन्ही वेळा बंद केली.

रणजीतच्या मागे भिंतभर पोस्टर होतं, बर्फावर हिरवं आकाश. खाली लिहिलेलं, 'समर स्पेशल नॉर्दर्न लाइट्स'.

"बसा वहिनी, चहा सांगू?"

"चहा नको. मे अखेरीला तिथे सूर्य किती वाजता मावळतो?"

रणजीत हसला. "उन्हाळ्यात जरा उशिराच मावळतो."

"किती उशिरा?"

त्याने मोबाइल उघडला, मग कुणाला तरी फोन लावला, हळू आवाजात बोलला. फोन ठेवून म्हणाला, "बघा, लाइट्स म्हणजे नेचरच्या हातातलं. गॅरंटी कुणीच देत नाही. आणि लडाखला मे महिन्यातच दिसले होते की!"

"लडाखला रात्र होते. तिथे मे अखेरीला सूर्य मावळतच नाही. रात्रभर ऊन असतं. उन्हात कसले लाइट दिसणार? तुम्ही हे पोस्टर लावून माझ्या सासूला, जिने जन्मात विमानात पाय ठेवला नाही, तिला काय विकताय?"

"वहिनी, आवाज जरा..."

"आवाज चढणारच!"

बाजूला नवीन लग्न झालेलं एक जोडपं बसलं होतं. ते उठून पोस्टरकडे बघायला लागलं. प्रितमने रश्मीचा दंड धरला आणि तिला बाहेर जिन्यात आणलं.

"काय तमाशा लावलायस? त्याला काय माहीत?"

"त्याला माहीत नव्हतं, कळलं मला. पण तुला? मी तुला सांगितलं नव्हतं, उन्हाळ्यात तिथे अंधारच पडत नाही म्हणून?"

जिन्यातून एक माणूस वर गेला, त्याला प्रितमने वाट दिली. मग म्हणाला, "सतरा वेळा सांगितलं होतंस. मला माहीत होतं."

रश्मीला आधी वाटत होतं की याने ऐकलंच नाही. त्याचा राग तिला आला होताच, पण तो राग ओळखीचा होता, रोजचा होता. हे वेगळं होतं. याने ऐकलं होतं, समजून घेतलं होतं आणि तरी तिची अमावास्या उचलून भर उन्हात नेऊन ठेवली होती.

"का?"

"सगळ्यांना घेऊन जायचं होतं मला. लाइट नाही दिसले तर नाही दिसले. बर्फ दिसेल, डोंगर दिसतील. तू त्या लाइट्सचं एवढं काय घेऊन बसलीयस?"

ती जिना उतरली, रस्त्यावर आली आणि रिक्षा करून एकटी घरी गेली.

त्या आठवड्यात ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. व्हिसा मार्चचाच होता. विमानाचं स्वतःचं तिकीट तिने नव्याने काढलं. अबिस्कोची ती खोली गेली होती, पण डोंगरात भटकणाऱ्यांच्या वसतिगृहात एक पलंग मिळाला. साहेबांनी सुट्टीच्या अर्जावर भुवया उंचावल्या, तेव्हा ती म्हणाली, "सर, गेल्या वर्षी एकही रजा घेतली नाही." साहेबांनी सही केली.

मग ती संत तुकाराम नगरला गेली आणि सांगून टाकलं.

तानुबाई भडकल्या. "नवऱ्याला टाकून एकटी चाललीस? आन आमी? मला काय बघू वाटत न्हाई? जन्म गेला या कॉलनीत, कदी महाबळेश्वर झालं न्हाई. पोरगा नेतोय तर तू मोडता घालतीस!"

"आई, मे महिन्यात तिथे रात्र होत नाही. काही दिसणार नाही तुम्हाला."

"प्रितम म्हणाला दिसतात!"

"त्याला माहीत होतं, दिसत नाहीत. माझ्यासमोर कबूल केलंय त्यानं."

विलासरावांनी पेपर खाली ठेवला आणि प्रितमला फोन लावून स्पीकरवर टाकला. "जय भीम. एकच सांग. मे महिन्यात ते लाइट दिसतात का न्हाई?"

पलीकडे यंत्रांचा आवाज येत होता. प्रितम शॉप फ्लोअरवर होता. "बाबा, तसं बघितलं तर..."

"व्हय का न्हाई?"

"नाही."

तानुबाईंनी फोन हिसकावून घेतला. "आरं, मग मला का खोटं बोललास? मी समद्या आळीत सांगत सुटले! म्हातारीला काय कळतंय, बर्फ दावला म्हंजे झालं, आसंच ना?" आणि त्यांनी फोन कॉटवर आपटला. रश्मीवरचा त्यांचा राग मात्र अजून उतरला नव्हता.

निघायच्या दिवशी रश्मी सासरी निरोप घ्यायला गेली, तेव्हा शेजारच्या यशोदाबाई दारात आल्या. "अमावास्येच्या तोंडावर कुठं निघालीस गं?"

तानुबाई आतून ओरडल्या, "आमच्यात अमावास्या-बिमावास्या नसती!" आणि चटणीची पुडी त्यांनी रश्मीच्या बॅगेत कोंबली.

अबिस्कोत पहिल्या दोन्ही संध्याकाळी बर्फ पडत होता. पलंगावर पडून रश्मी छताकडे बघत राहिली. इतक्या लांब येऊनही जिन्यातला प्रितम डोक्यातून जात नव्हता. दिसलंच नाही तर घरी गेल्यावर तो काय म्हणेल, हेही तिला ऐकू येत होतं, आणि त्या न बोललेल्या वाक्यावर ती मनात भांडत होती.

तिसऱ्या संध्याकाळी आभाळ मोकळं झालं. रात्रीच्या जेवणाची थाळी हातात असतानाच बाहेरून कुणीतरी हाक मारली. ती तशीच बूट अडकवून धावली. आधी धुरासारखा पांढुरका पट्टा दिसला. एवढंच, असं तिला वाटलं. मग तो हिरवा झाला, वेल्डरच्या काचेतून सगळं जग दिसतं तसा हिरवा, आणि डोंगराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलायला लागला. कडेला गुलाबी झालर आली आणि विरली. रश्मीचं तोंड उघडं राहिलं. तिला रडू आलं, हसू आलं आणि मधेच राग आला, की हे बघायला तो शेजारी नाही आणि नाही ते त्याच्याच करणीने. ती मोठ्याने म्हणाली, "मूर्ख!" शेजारच्या जर्मन बाईने वळून पाहिलं. रश्मीने पुन्हा वर बघितलं.

तिने फोटो काढले, ते तानुबाईंच्या मोबाइलवर पाठवले. प्रितमला पाठवले नाहीत.

तो तिला घ्यायला विमानतळावर आला. गाडी भोसरीला आल्यावर त्याने विचारलं, "दाखवशील?"

"आधी बोल."

स्टिअरिंगवर बोटं वाजवत तो म्हणाला, "तूच ठरवलंस, कुठे, केव्हा, किती दिवस. मी नुसता बॅगा उचलायला. कंपनीत दिवसभर दुसऱ्यांनी ठरवलेलं करतो. घरी एक तरी गोष्ट मी ठरवावी, असं वाटलं."

"मग तेव्हा बोलायचंस. भांडायचंस माझ्याशी. तू 'हं' म्हणालास आणि पाठीमागून पाय ओढलास."

"चुकलं."

"चुकलंच. पण माझा राग गेला नाहीये. जायला वेळ लागेल."

तिने मोबाइल दिला नाही आणि त्यानेही पुन्हा मागितला नाही.

मे महिन्याची टूर मोडली. सनीची बायको महिनाभर रश्मीशी बोलली नाही. एका रविवारी जेवण झाल्यावर तानुबाईंनी रश्मीने पाठवलेला एक फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, "आता पुढची अंधारी रात कवा?"

"सप्टेंबर अखेर चांगली आई. थंडीही बेताची असते."

"सप्टेंबरला माझं ऑडिट असतं," प्रितम म्हणाला.

"मग तू थांब हितं," तानुबाई म्हणाल्या आणि रश्मीकडे सरकून बसल्या. "हां, सांग. कुठल्या गावाला?"