दोघांत एक स्लॅशर

“परत मोज,” नोएलीन म्हणाली.

“तिसऱ्यांदा मोजतोय. टेप काय रबराची आहे?” लिंडसे वाकल्या वाकल्याच ओरडला.

तिच्या नव्या, बुटक्या ट्रॅक्टरला मागे खाली दोन दांड्या आणि वर मधोमध एक. यंत्र जोडायचं ते या तीन टोकांना. खालच्या टोकांत अंतर वीस इंच, गवत कापायच्या स्लॅशरच्या पिनांत सव्वीस. वरचं टोकही जुळेना. लिंडसेच्या जुन्या ट्रॅक्टरला हाच स्लॅशर डोळे मिटून बसायचा.

ह्युऑन खोऱ्यात रस्त्याच्या अल्याड त्याची सफरचंदं, पल्याड तिची. स्लॅशर दोघांत एक, तिचा नवरा कीथ होता तेव्हा भागीत घेतलेला. कीथ गेल्यावर दर वसंतात लिंडसे यायचा, तिचं गवत कापून द्यायचा आणि जेवून जायचा. त्याचं लग्न राहूनच गेलं होतं. कुणी आग्रहाने वाढलेलं जेवण वर्षात तेवढंच.

“घेण्याआधी विचारायचंस तरी!”

“विचारलं असतं तर म्हणाला असतास, कशाला, मी आहे ना. कीथच्या त्या ट्रॅक्टरच्या धुडावर माझा पाय चढत नाही. पण माझं मला कापायचंय, लिंडसे.”

“म्हणजे मी वाईट कापतो?”

“तसं म्हटलं का मी?”

तसं म्हटलं नव्हतं. मग कसं म्हटलं होतं, ते काही त्याला कळेना. येऊ नकोस, असं? की दमतोस, असं? बायकांचं बोलणं टेपने मोजता येत नाही, हा त्याचा जुनाच वैताग.

“हा राहू दे तुझ्याकडे,” ती म्हणाली. “मी छोटा नवीन घेते.”

लिंडसेने टेप पुन्हा पिनांना लावली. रस्ता ओलांडायला त्याच्याकडे दुसरं निमित्त नव्हतं.

“नवीन कशाला? पिना कापून, आत सरकवून वेल्डिंग करून देतो.”

“मग तुझ्या ट्रॅक्टरला बसेल?”

“नाही बसणार.”

“आणि तुझं गवत?”

“तू काप की.”

बोलून गेला आणि स्वतःच चपापला. नोएलीन हसली. “वेडा आहेस झालं!” हे हो होतं की नाही, याचा उलगडा घरी पोचेपर्यंत झाला नाही. तरी संध्याकाळच्या आत त्याने पिना कापून आत जोडल्या.

पुढच्या आठवड्यात ती ट्रॅक्टरला स्लॅशर लावून फटफटत रस्ता ओलांडून आली. लिंडसेने सकाळीच दाढी केली होती, मटण भाजायला ठेवलं होतं. फाटकाशी उभा राहिला खरा, पण हातांचं काय करावं ते सुचेना.

“कुठून सुरू करू?” तिने इंजिनाच्या आवाजात ओरडून विचारलं. “वरून की ओढ्याकडून?”

स्वतःच्याच बागेत हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्याने एकदा वर पाहिलं, एकदा ओढ्याकडे.

“तुला वाटेल तिथून,” शेवटी म्हणाला, आणि बाजूला सरून त्याने तिला वाट दिली.