एक्केचाळीस नंबरचा पाइप

मी एक जुना बिडाचा पाइप आहे. लांबीला दीड माणूस, आणि तोंडाला एवढा रुंद की एखादे गुबगुबीत मांजर सहज आत शिरेल. मित्रांनो, पाइपाला कसले आले मनोगत, असे तुम्हाला वाटेल. होडीने बोलावे, पुलाने बोलावे. सांडपाण्याच्या पाइपाने कशाला तोंड उघडावे? पण मला तोंडे दोन आहेत आणि दोन्हींनी मी पुष्कळ पाहिले आहे. शिवाय आज ज्या नदीचे सगळे कौतुक करतात, ती बिघडवण्यात माझाही हात होता. ज्याने बिघडवले त्यानेही कधीतरी बोलायला हवे.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. लालभडक वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले, ते निवले, साचा फोडला आणि मी बाहेर आलो. एका चष्मेवाल्या तपासनिसाने माझ्यावर हातोडीने टकटक केले, कान देऊन ऐकले आणि तो म्हणाला, "खणखणीत आहे. याला पन्नास वर्षं बघायला नको." पाइपाच्या वाट्याला कौतुक कमीच येते. ते शब्द मी जपून ठेवले.

तिथून मला एका रंगाऱ्याने नेले. नदीकाठी त्याचा सूत रंगवण्याचा कारखाना होता. खाली काम, वर घर. या थोरल्या मालकांनी मागच्या भिंतीला भोक पाडून मला पक्के बसवले. माझे एक तोंड कारखान्यातल्या मोरीत उघडायचे, दुसरे थेट नदीवर. आत चार मोठ्या कढया रटरटत असायच्या. काठ्यांवर टांगलेल्या सुताच्या लड्या रंगात बुडवायच्या, काढायच्या, पिळायच्या, मग स्वच्छ पाण्यात खळबळायच्या. ते खळबळलेले पाणी माझ्यातून खाली जायचे. रोज संध्याकाळी थोरले मालक मोरीत डोकावायचे आणि म्हणायचे, "शाबास! कधी तुंबत नाही." माझी छाती फुगायची. पाइपाची छाती कुठे असते ते विचारू नका.

तेव्हा नदी भरलेली होती. माझ्यातून पडणारी रंगाची रेघ चार हात जाईपर्यंत विरून जायची. पलीकडे होड्यांचा धक्का होता. अलीकडे दुकानांची तोंडे नदीकडे असत, आणि न्हावी आपली खुर्ची काठावर मांडून गिऱ्हाइकाला वाऱ्यावर बसवायचा. थोरल्या मालकांची मुलगी पाण्यात पडली की मासोळीच. तिच्या मागे सहा वर्षांनी झालेल्या भावाला तिनेच पोटाखाली हात धरून पोहायला शिकवले. पहिल्या दिवशी तो एवढा ओरडला की धक्क्यावरच्या दोन होड्या मदतीला धावून आल्या. सगळे तिला आक्का म्हणत. अजूनही म्हणतात.

पुढे थोरले मालक गेले आणि तो ओरडणारा भाऊ मालक झाला. मेहनती माणूस. पहाटे उठून भट्टी पेटवायचा आणि हाताखालच्या आठ जणांना कामाला लावून स्वतः त्यांच्याबरोबर घाम गाळायचा. काम वाढले, कढया चाराच्या नऊ झाल्या, रंगही जास्त भडक, जास्त तिखट आले. काठावर माझ्यासारखे आणखी पाइप डोकावू लागले. कुणी साबणाच्या कारखान्याचा, कुणी गॅरेजचा, कुणी चार-चार मजली घरांचा. आम्ही सगळे मनाशी एकच म्हणत होतो: मी एकटा थोडाच आहे!

नदी लाल व्हायची, मग हिरवी, मग निळी. यंदा बाजारात कुठल्या रंगाची चलती आहे, हे लोक पुलावरून वाकून सांगू लागले. सुरुवातीला हसून, नंतर नाकाला रुमाल लावून. मासे गेले, माशांमागून बगळे गेले, मग होडीवाले गेले. न्हाव्याने खुर्ची उचलून रस्त्याच्या बाजूला नेली. दुकानदारांनी नदीकडची दारे विटांनी बुजवली. खिडक्या बंद झाल्या त्या गंजून तशाच चिकटल्या. बिऱ्हाडे सोडून जाणारे वाढले, येणारे कमी झाले. आणि एक दिवस लोक तिला नदी म्हणायचेच विसरले. "तो नाला आहे ना, त्याच्या मागे," असा पत्ता सांगू लागले. मी मात्र तुंबत नव्हतो, आणि त्याचाच मला अभिमान होता.

मग एक बाई आली. शहराच्या पाणी खात्यात ती इंजिनीयर होती. पायात गुडघ्यापर्यंत गमबूट, खांद्याला बाटल्यांची पिशवी. ती काठाकाठाने चिखल तुडवत प्रत्येक पाइपाखाली बाटली धरायची, वास घ्यायची, वहीत लिहायची आणि पाइपावर पिवळ्या रंगाने आकडा काढायची. माझ्यावर तिने एक्केचाळीस लिहिले. लोकांनी तिचे नाव गमबूटवाली ठेवले. ते तिलाही आवडले असावे, कारण फोनवर ती स्वतःच सांगायची, "हो, गमबूटवालीच बोलतेय."

शाळेच्या हॉलमध्ये बैठक झाली. तिथे काय झाले ते मालक दुसऱ्या दिवशी कढईजवळ तावातावाने सांगत होते, म्हणून मला कळले. नदीतला गाळ काढणार, घरांचे सांडपाणी वेगळ्या वाहिनीतून शुद्ध करायला नेणार, काठावर पाणवनस्पती लावणार, उतरायला पायऱ्या बांधणार. आणि कारखान्यांनी आपापले पाणी साफ केल्याशिवाय नदीत सोडायचे नाही.

"सगळं शहर घाण करतंय, आणि पकडायला सापडलं कोण? मी!" मालकांनी काठी आपटली. "पाणी साफ करायची टाकी बसवायची म्हणजे कारखाना बंद ठेवा. या आठ घरांच्या चुली काय गमबूट पेटवणार आहेत?"

आक्का जिन्यावर बसून लड्यांच्या गाठी सोडवत होती. नवरा गेल्यावर ती परत भावाकडेच राहायला आली होती. तिचे गुडघे आखडले होते. चार पायऱ्या चढताना दोनदा थांबायची. डॉक्टरांनी पोहायला सांगितले होते, पण पोहण्याचा तलाव दोन बस बदलून गेल्यावर लागायचा, आणि बसची पायरीच तिला चढवत नव्हती.

ती म्हणाली, "तू पोहायला कुठे शिकलास रे?"

मालक चिडले. "आक्का, आता तो विषय कशाला?"

"सहज विचारलं."

मालकांनी नदीकडच्या भिंतीकडे बघितले आणि ते कामाला लागले.

शहराचे काम सुरू झाले. गाळाचे डोंगर उपसले गेले. वरच्या अंगाला घरांचे पाइप एकामागून एक बंद होत गेले. मालकांनी एक युक्ती केली, आणि मित्रांनो, ती सांगताना मला आजही लाज वाटते. त्यांनी माझ्या मोरीकडच्या तोंडाला लाकडी बूच बसवले. तपासणीला कुणी आले की बूच घट्ट. मग दुपारी सगळे जेवायला गेले की ते एकटेच मोरीत उतरायचे, इकडेतिकडे बघायचे आणि बूच काढायचे. तो माणूस चोर नव्हता. सुरुवातीला बूच अर्धे काढून तो पुन्हा बसवायचा. पण सवय झाली की असे थांबणेही सुटते, हे मी पाहिले.

एका दुपारी कढईत गडद निळा रंग होता. मालकांनी बूच काढले. मी सगळे पाणी एका दमात खाली सोडले.

त्या दिवशी खालच्या वळणावर वस्तीतली पंधरा-वीस माणसे गुडघाभर पाण्यात उभी राहून पाणकणसाची रोपे लावत होती. शिक्षिका, न्हावी, दोन आज्या. आणि त्यांच्यात आक्का. ती तिकडे जाते हे तिने घरी सांगितलेच नव्हते.

तासाभराने ती कारखान्यात आली. जिन्याकडे न वळता सरळ कढयांपाशी आली, स्टूल ओढून बसली आणि साडी चार बोटे वर धरली. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत निळे. आठही माणसांचे हात जागच्या जागी थांबले.

"हे काय?" मालकांनी हातातली काठी खाली ठेवली.

"तुझाच रंग आहे," आक्का शांतपणे म्हणाली. "पक्का आहे ना? गिऱ्हाइकाला सांगतोस तसा?"

मालकांनी बादली आणली, साबण आणला, खाली फरशीवर बसले आणि बहिणीचे पाय स्वतःच्या हाताने धुऊ लागले. घासले, पुन्हा घासले. रंग निघेना. त्यांचा रंग कधीच निघत नसे. त्यासाठीच तर त्यांचे नाव होते. शेवटी त्यांनी साबण ठेवून दिला आणि पाय तसेच हातात धरून बसून राहिले.

"दुखतंय का?" त्यांनी विचारले.

"झोंबतंय थोडं. माझं सोड, त्या दोघी आज्यांचं बघ. त्यांची कातडी माझ्याहून नाजूक आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक गमबूटवालीच्या कार्यालयात गेले. काय बोलले ते त्यांनी घरी आल्यावर आक्काला जसेच्या तसे सांगितले. "म्हटलं, कालचं निळं पाणी माझं होतं. काय शिक्षा करायची ती करा."

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, नोटीस तर येईलच, ती काही टळणार नाही. पण आधी बसा. पाणी प्यायला दिलं. मग टाकीचा नकाशा काढला." मालकांनी बोटाने जमिनीवर चौकोन काढून दाखवला. "आमच्या ओळीतल्या चार रंगाऱ्यांना मिळून एकच टाकी पुरेल म्हणते. बाकीचे तिघे तिचं ऐकत नव्हते. मला म्हणाली, तुमचं ऐकतील."

"आणि ऐकतील?"

"ऐकवतो. नाही ऐकलं तर तुझे पाय दाखवायला नेतो."

आक्का एवढी हसली की तिला ठसका लागला.

कारखाना दोन महिने बंद राहिला. त्या आठ जणांनाच टाकी खोदण्याचे काम मिळाले. सोपे दिवस नव्हते; एकजण कंटाळून दुसरीकडे गेला, मालकांचे केस पांढरे झाले आणि चौथ्या रंगाऱ्याने शेवटपर्यंत तोंड वाकडेच ठेवले. पण टाकी झाली. ज्या दिवशी तिच्यातून पहिले नितळ पाणी निघाले, त्या दिवशी मालकांनी ते पेल्यात घेऊन उजेडाला धरले आणि किती तरी वेळ बघत राहिले. प्यायले मात्र नाहीत. तेवढे शहाणपण त्यांच्यापाशी होते.

त्यानंतर मला भिंतीतून काढले. पहारी लावल्या, विटा ढासळल्या आणि मी नदीकाठच्या चिखलात आडवा पडलो. आता भंगारवाल्याकडे जाणार हे उघड होते. मी नाराज नव्हतो. पन्नास वर्षे भरत आली होती, आणि केल्या कामाची फळे डोळ्यांसमोर होती. पण गमबूटवालीने मला बुटाने थोपटले आणि विचारले, "हा एक्केचाळीस नंबर मला द्याल का? नव्या धक्क्याला होड्या बांधायला भक्कम खांब हवेत."

"घेऊन जा," मालक म्हणाले. आणि क्षणभराने, "जरा नीट पुरा. माझ्या वडिलांनी बसवलेला आहे."

मला घासले, पुसले, माझ्यात काँक्रीट भरले आणि नव्या पायऱ्यांच्या टोकाला उभे केले. जन्मभर आडवा राहिलेला मी म्हातारपणी ताठ उभा राहिलो! आता माझ्यातून काही वाहत नाही. ज्या पाण्यात मी घाण ओतली, ते पाणी रोज माझे पाय धुते. याहून मोठी माफी कुणाला मिळाली असेल, मला माहीत नाही.

तिसऱ्या वर्षी पोहायची परवानगी मिळाली. पहिल्या सकाळी आक्का एक हात माझ्यावर आणि एक भावाच्या खांद्यावर ठेवून पायरी-पायरी उतरली. पाणी कमरेला लागले तशी तिने दोन्ही हात सोडले. जमिनीवर पाय घासत चालणारी ती बाई पाण्यात अशी सरकली, जणू मधली चाळीस वर्षे झालीच नव्हती. मालक टॉवेल घेऊन उभे होते आणि त्याच टॉवेलने स्वतःचे डोळे पुसत होते.

आता इथे काय काय चालते ते किती सांगू! नदीकडच्या बुजवलेल्या दारांच्या विटा लोकांनी काढल्या. न्हाव्याची खुर्ची परत काठावर आली, फक्त आता ती त्याची सून चालवते आणि रविवारी रांग लागते. शाळेची मुले माझ्याशी बांधलेल्या होड्यांतून वल्ही मारायला शिकतात. पहिले आठ दिवस गोल गोल फिरतात. संध्याकाळी काठाच्या वाटेवर म्हातारी माणसे चालतात, तरुण धावतात, आणि रिकाम्या झालेल्या खोल्यांत पुन्हा दिवे लागतात. पाणकणसात बगळा येऊन बसतो. गमबूटवालीची बदली झाली, पण सुट्टीत ती येते, साध्या चपला घालून.

सगळे गोडच आहे असे नाही. जोराचा पाऊस झाला की वरून कचरा येतो, दोन दिवस लाल पाटी लागते आणि कुणी पाण्यात उतरत नाही. परवाच एक प्लॅस्टिकची पिशवी माझ्या गळ्यात अडकली होती. नदी एकदा साफ करून ठेवून देता येत नाही. तिची रोज काळजी घ्यावी लागते.

म्हणून मित्रांनो, एवढेच मागणे आहे. आज घरी गेलात की मोरीपाशी उभे राहा आणि मोठ्यांना विचारा, "हे पाणी इथून जातं कुठे?" "जातं पुढे" असे उत्तर मिळाले, तर तेवढ्यावर सोडू नका. त्यांचा हात धरा, चपला घाला आणि ते 'पुढे' कुठे आहे ते जाऊन बघा. मी पन्नास वर्षे पुढे ढकलत राहिलो. पुढे माणसे उभी आहेत, हे मला फार उशिरा कळले.