खर्रा ठेवाले

जेलात कंडोम ठेवू द्या, असं मी म्हटलं तेव्हा जेलरसाहेब हसले. "बाई, इथी सगळे पुरुषच आहेत. कोणासाठी ठेवता?" एड्सबद्दल कैद्यांशी बोलायला, त्यांची तपासणी करायला मी तिथे जाते. म्हणूनच मागते आहे, साहेब, असं म्हणणार होते. पण झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?

निकेश रानडुकराला करंट लावून मारल्याच्या केसमध्ये आत आला होता. मासेमार घरातला, नुकतंच लग्न झालेला. आला तेव्हा त्याची एचआयव्हीची तपासणी निगेटिव्ह होती. मीच त्याला तसं सांगितलं होतं. पुढे एकदा तो माझ्यासमोर बसला आणि खाली पाहूनच बोलला. बराकीत सोमाजी नावाच्या जुन्या कैद्याचं राज्य होतं. रात्री तो निकेशला आपल्या सतरंजीवर बोलवायचा.

"तक्रार करू?" मी विचारलं.

"नोका करू, बाई. तुम्ही संध्याकाळी घरी जाता, मी त्याच्याच बाजूला झोपतो. नाई म्हणता येत नाई. निदान ते तं द्या. घरी रीता आहे."

मी पिशवीतली पाकिटं दिली. परवानगी नव्हती. मला त्याचा पश्चात्ताप नाही.

झडतीत एक पाकीट सापडलं. जेलरसाहेबांनी मला समोर बसवूनच त्याला विचारलं, "हे काऊन ठेवलं रे?" सोमाजी दारातच उभा होता.

"खर्रा ठेवाले, साहेब," निकेश म्हणाला. "पन्नीत ओला होते. तारखेवर गेलो तं बाहेरून आणलं."

साहेबांचा चेहरा उजळला. तंबाखू-सुपारीचा खर्रा आमच्याकडे पोरंसोरंही खातात. तो गुन्हा त्यांना झेपणारा होता. शिवी दिली, भेटी बंद केल्या, झालं. खरं काय ते त्या खोलीत सगळ्यांनाच ठाऊक होतं, आणि खर्र्यावर सगळ्यांचं भागलं. त्यानंतर माझीही पिशवी फाटकावरच ठेवून घेऊ लागले.

जामीन झाला त्या आठवड्यात निकेशची पुन्हा तपासणी केली. एचआयव्ही निघाला. फाटकावर त्याची आई चंदाबाई आणि बायको रीता घ्यायला आल्या होत्या. हे घरी कसं सांगायचं ते मी त्याला समजावत होते, तेवढ्यात साहेबांनी तिथेच, सगळ्यांदेखत सांगून टाकलं. वर म्हणाले, "आमच्या जेलात असं काही चालत नाई. पहिले घरची तपासणी करा."

चंदाबाई सुनेकडे वळली. "मच्छी विकाले बाजारात जातो म्हणे. काय विकून राह्यली होती तू?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. रुग्णाचं गुपित त्याचंच असतं, असं मीच सगळ्यांना शिकवत फिरते. त्या नियमाचा मला इतका राग कधी आला नव्हता.

रीता रडली नाही. निकेशला म्हणाली, "तुम्ही सांगा आईले. तुमाले तं माहीत आहे."

निकेशने आईच्या हातातलं ओझं घेतलं.

"आई म्हणते तसंच असन," तो म्हणाला.