भिंतीवरचं संत्रं

मी टब बोलतोय. दोष मोठ्या बाईंचा होता, हे आधी सांगून मोकळा होतो. मोठ्यांबद्दल असं बोलू नये म्हणतात. ज्यांना पटतं त्यांनी बोलू नये. मला बालवाडीतून वर्ष पुरं व्हायच्या आत बाहेर काढलंय, माझ्याकडून वळणाची अपेक्षा ठेवू नका.

जन्मही सांगतो, आत्मवृत्तात सांगावा लागतो म्हणून. फुटक्या बादल्या, कान तुटलेले मग आणि कुणाच्या तरी खुर्चीचा पाय, हे सगळं वितळवून मला ओतला. रंग निळा, त्यात एक हिरवी रेघ राहून गेलेली. एका आजीने मला नातवाच्या आंघोळीसाठी घरी नेला. त्या नातवाने अडीच वर्षांत माझ्यात आंघोळीखेरीज आणखी काय काय केलं, ते त्याच्या लग्नात सांगेन. तो मावेनासा झाला तेव्हा त्याची मावशी मला रिक्षात घालून शाळेत घेऊन गेली.

ही मावशी बालवाडीत शिकवायची. मुलं तिला ताई म्हणायची. मीही तेच म्हणतो.

मी तिथे पोचेपर्यंत त्या वर्गात शिकणं म्हणजे एकच गोष्ट होती. हाताची घडी, तोंडावर बोट. दोन्ही हातांची घडी घातल्यावर तोंडावर ठेवायला बोट कुठून आणायचं, हे पिढ्यानपिढ्या ओरडणाऱ्या एकाही मोठ्या माणसाने स्वतः करून पाहिलेलं नाही.

ताईने मला वर्गाच्या मधोमध ठेवला, अर्धा भरला, शेजारी टोपली ठेवली आणि गप्प बसली. टोपलीत चमचा, बूच, किल्ली, पीस, दगड, खोडरबर. नियम एकच. आधी सांगायचं, बुडेल की तरंगेल. मग टाकायचं. मग बघायचं. चुकलं तर कुणी हसायचं नाही आणि बरोबर आलं तर शाबासकी मागायची नाही. उत्तर ताईकडे नव्हतं, माझ्याकडे होतं. असा मान मला आजवर कुणी दिला नव्हता.

त्या वर्गात एक पोरगी होती, तिला सगळे वकील म्हणायचे. वय साडेचार, दोन दात किडलेले. एखादी गोष्ट तिला नुसती सांगून चालायची नाही, उलटतपासणी व्हायची. तिच्या शेजारी शेंबड्या बसायचा. त्याचं नाक बारमाही वाहतं, बाकी पोरगा सोन्यासारखा.

एकदा शेंबड्याने डब्यातलं संत्रं काढलं.

"बुडणार," वकील म्हणाली. "जड आहे."

शेंबड्याने टाकलं. संत्रं खाली गेलं, वर आलं आणि आरामात डुलत राहिलं.

"का?" वकिलाने ताईला विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाहीये. तू सांग."

"मलाही बघायचंय. काय करून बघू या?"

वकिलाने बराच विचार केला. मग संत्रं सोललं, अर्धा रस स्वतःच्या फ्रॉकला पाजला आणि सोललेलं संत्रं माझ्यात सोडलं. ते थेट तळाला गेलं. तिने साल टाकली. साल तरंगली.

"साल त्याला धरून ठेवते," ती म्हणाली.

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. शेंबड्याने नाकसुद्धा ओढलं नाही. मग तो म्हणाला, "आता माझं संत्रं मला दे." तळातून काढून त्याने ते खाल्लं. चव माझीच लागली असणार.

इथवर सगळं ठीक होतं. मग मोठ्या बाईंनी लक्ष घातलं.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. आधी त्यांची तक्रार होती की बाह्या भिजतात, पालक ओरडतात. मग त्या कुठल्याशा कार्यशाळेला जाऊन आल्या आणि तिथे त्यांना कळलं की हल्ली मुलांनी हाताने करून शिकायचं असतं. झालं. दारावर पाटी लागली, 'आमची मुले स्वतः शोधतात'. संस्थेच्या अध्यक्षांना बोलवायचं ठरलं.

"तुमची नेमणूक अजून कच्चीच आहे ना?" त्यांनी ताईला विचारलं.

"हो मॅडम. दोन वर्षं झाली."

"हा कार्यक्रम नीट पार पडू दे. अध्यक्षांसमोरच पक्की करून घेते."

ताईच्या घरात ती एकटीच कमावती. त्या आठवड्यात तिने मला रोज दोनदा घासला.

मोठ्या बाईंनी पेंटर बोलावला. वर्गाच्या भिंतीवर दोन रकाने, ऑइलपेंटमध्ये, हातभर चित्रं. तरंगणाऱ्या वस्तू आणि बुडणाऱ्या वस्तू. यादी त्यांनी स्वतः दिली, खुर्चीत बसून, डोक्यातून. मी दहा पावलांवर भरलेला होतो. एक वस्तू उचलून टाकायला किती वेळ लागतो? पण मोठी माणसं करून बघत नाहीत, त्यांना माहीतच असतं. बुडणाऱ्यांच्या रकान्यात दगड, चमचा, किल्ली. आणि शेवटी, सगळ्यात मोठं, नारिंगी, पानासकट संत्रं.

"मॅडम, संत्रं तरंगतं," ताई म्हणाली.

"काहीतरीच. एवढं जड फळ."

"मुलांनी करून पाहिलंय."

"मुलांचं काय घेऊन बसलात? रंग वाळलाय आता."

तालीम सुरू झाली. कुणी काय टाकायचं, काय म्हणायचं, सगळं पाठ. अंदाज मुद्दाम चुकवायचा आणि मग म्हणायचं, 'अरेच्चा'. नऊ दिवस पोरांकडून अरेच्चा घोटून घेतलं. सहाव्या दिवशी शेंबड्या हातातला चमचा टाकायच्या आधीच अरेच्चा म्हणून मोकळा झाला. त्याला पुन्हा रांगेच्या शेवटी उभा केला. नवल वाटायचं वय त्याचं, आणि ते त्याला पाढ्यासारखं पाठ करायला लावलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी शिपाईमामा माझ्या काठावर बसले होते. एका हातात संत्रं, दुसऱ्यात हातोडी. नऊ खिळे ठोकले, त्यांची डोकी सालीच्या आत दाबली, वरून नारिंगी तेलकट खडू घासला. पाण्यात सोडून पाहिलं. बुडालं.

ताई दारात उभी होती. "मामा, हे काय चाललंय?"

"मला काय विचारता ताई? तालमीत ते तरंगलं ना, भिंत पुन्हा रंगवण्यापेक्षा हे सोपं, असं वरून सांगितलंय. मी आपला हुकमाचा ताबेदार."

ताईने त्या संत्र्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं आणि निघून गेली. ताई म्हणून तिला सूट देणार नाही. तेव्हा तिने तोंड उघडायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आले, खजिनदार आले, पालक आले. पानं तरंगली, किल्ल्या बुडाल्या, अरेच्चा झालं. शेवटी वकिलाची पाळी. तिने म्हणायचं होतं 'तरंगेल', मग बुडाल्यावर अरेच्चा, मग भिंतीकडे बोट.

"तरंगेल," ती म्हणाली. हे ती मनापासून म्हणाली. टाकलं. बुडालं.

अरेच्चा आलं नाही. मोठ्या बाईंनी ओठांनी आठवण करून दिली. वकील माझ्यात वाकली, खांद्यापर्यंत बाही भिजवून संत्रं वर काढलं आणि खाली बसून सोलायला लागली.

"बाळ, ते नंतर," मोठ्या बाई म्हणाल्या.

"याची साल बिघडलीय. बघते."

पहिला खिळा बाहेर आला. मग दुसरा. तिने ते फरशीवर ओळीने मांडले.

"संत्र्यात खिळे असतात का हो?" अध्यक्षांनी खरंच विचारलं.

"लोह असतं म्हणतात फळांत," खजिनदार म्हणाले.

वकील ताईकडे वळली. "ताई, हे आपोआप आलेत?"

ताईची नेमणूक त्या क्षणी मोठ्या बाईंच्या पर्समध्ये होती, सहीसाठी आणलेल्या कागदावर. तिला म्हणता आलं असतं, तुला काय वाटतं. तिचं रोजचंच वाक्य होतं ते, कुणाला संशयही आला नसता.

"नाही," ताई म्हणाली. "आपण घातलेत, मोठ्यांनी. संत्रं तरंगतं, तू बरोबर होतीस. भिंत चुकलीय. मला काल माहीत होतं."

वकिलाने मान हलवली. तिचं काम झालं होतं. शेंबड्या टाळ्या वाजवायला लागला, त्याच्या आईने त्याचे हात धरले.

मोठ्या बाईंनी आवाज चढवला नाही. त्या अध्यक्षांना एवढंच म्हणाल्या, "मुलांच्या हातात खिळे देणारी शिक्षिका आपल्याला परवडायची नाही." खिळे कुणी ठोकायला लावले, हे अध्यक्षांनी विचारलं नाही. मामा छताकडे बघत होते. पालकांपैकी दोघे बोलले, तेही बाह्या भिजण्याबद्दल.

तीन दिवसांनी ताई मला न्यायला रिक्षा घेऊन आली. "टब शाळेच्या नोंदीत चढलाय," मोठ्या बाई म्हणाल्या. रिक्षा रिकामी गेली.

वर्गात परत घड्या आणि बोटं सुरू झाली. वकील आता पहिलीत आहे. मास्तर म्हणतात, पोरगी फार शहाणी झाली, एक प्रश्न विचारत नाही. ते हे कौतुकाने सांगतात.

तुम्हाला एक सांगतो, विनंती समजा हवी तर. घरातलं पोर 'का' म्हणून विचारेल तेव्हा लगेच ज्ञान पाजळू नका. तुम्हाला माहीत नसतं. बादली भरा आणि बाजूला व्हा.

मला आता शाळेच्या दारात ओल्या छत्र्या ठेवायला लावलाय. पाणी साचू नये म्हणून मामांनी ड्रिलने माझ्या बुडाला सहा भोकं पाडली. ताईची नोकरी गेली. माझ्यात पाणी राहत नाही.