नेहमीचंच जेवण

महिपत तांडेलांचं रक्त कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या फ्रीजमध्ये ‘बांगडा ४’ या नावाने राहत होतं. नाव ठेवलं होतं त्यांच्या मुलाने, ऋत्विकने. तो तिथे रसायनशास्त्र शिकवायचा आणि संशोधन करायचा. पण त्याच्या हातातलं महागडं मशिन मासळीत उरलेली औषधं वेगळी काढून मोजायला आणलेलं, बापाचं रक्त तपासायला नव्हे. विभागप्रमुखांनी एकदा विचारलं होतं, की बाकीचे बांगडे केव्हाच संपले, हा चौथाच एवढा कसा टिकला? ऋत्विक म्हणाला, जातिवंत आहे, सर.

फाल्गुनात मुंबईला बाबांच्या हृदयात धातूची झडप बसवली. तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून रोज संध्याकाळी रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. मधली वाट होडीच्या काठावरून चालत जाण्याएवढी रुंद. बाबा आयुष्यभर होडीच्या काठावरूनच चालले होते, त्यामुळे त्यांना यात विशेष काही वाटत नव्हतं. ऋत्विकला वाटायचं.

अधूनमधून रक्त तपासायचं, ते किती पातळ झालंय तो आकडा मुंबईच्या डॉक्टरबाईंना फोनवर कळवायचा, मग त्या गोळी ठरवायच्या. उन्हाळाभर आकडा शहाण्या मुलासारखा वागला. श्रावणात तो घसरला. बाईंनी गोळी वाढवली, तर आणखी घसरला.

बाईंनी फोनवरच विचारलं, जेवणात काही बदल?

स्पीकर चालू होता. आईने, सखूने, आपल्या हातच्या जेवणावर संशय घेतल्यासारखं फोनकडे पाहिलं.

“मी काय नवीन घालतेय ह्यांना? नेहमीचंच.”

बाबांनी मान डोलावली. ऋत्विकनेही सांगितलं, काही बदल नाही, मॅडम, नेहमीचंच. तिघेही खरं बोलत होते, पंचाईत तीच होती. बाईंनी गोळी पुन्हा वाढवली.

ऋत्विक मात्र तेवढ्यावर थांबणारा नव्हता, कारण त्याने याच विषयात डॉक्टरेट केली होती. ही गोळी रक्तात गेली की तिचे बहुतेक सगळे रेणू तिथल्या एका प्रथिनाला चिकटून बसतात. सुटे उरतात ते थोडके, आणि काय ते काम तेच करतात. गणपती मंडळासारखंच. सगळे मंडपाच्या खांबांना टेकलेले आणि मूर्ती उचलायला दोघं. ऋत्विकला खात्री होती की बाबांच्या रक्तात टेकणारे वाढलेत. म्हणून इंटरनेटवर पाहून तो सुई टोचायला शिकला. बाबांच्या रक्तातला पिवळा द्रव बारीक गाळणीतून फिरवून त्याने सुटे रेणू वेगळे काढले आणि मशिनच्या नळीतून सोडले. पडद्यावर डोंगरासारखं एक टोक उमटलं. वाढलेल्या गोळीच्या हिशोबाने जेवढं असायला हवं, तेवढंच. सुटेही हिशोबात, चिकटलेलेही हिशोबात.

त्याने पुन्हा केलं. पुन्हा तेच. आता रात्री झोप लागायची नाही. गोळी रक्तात आहे, सुटी आहे, कामाला हजर आहे, तरी काम होत नाही. डोळे मिटले की त्याला बाबांच्या मेंदूकडे निघालेली एक गुठळी दिसायची. एसटीसारखी, रमतगमत, वाटेत थांबे घेत.

मग गणपती आले, गौरी जेवल्या, विसर्जन झालं. त्याच आठवड्यात तपासणीत आकडा अखेर जागेवर आला. बाई खूश झाल्या, गोळी आहे तेवढीच ठेवा म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मिरकरवाड्याच्या बंदरावर अख्खी रत्नागिरी लोटली आणि बाबा दोन पिशव्या भरून सौंदाळे आणि बांगडे घेऊन आले. आई एवढी खूश झाली की तिने चूल पेटवायच्या आधी मासळीला हळद-मीठ लावून आरती केल्यासारखं ताट फिरवून बघितलं. घराला पुन्हा घराचा वास आला.

काही दिवसांनी ऋत्विकने ‘बांगडा ४’साठी बाबांच्या दंडात सुई टोचली, तर भोक लवकर मिटेना. बाबांचा सदरा भिजला. आई म्हणाली, प्रोफेसर झालास पण हात माळ्याचा. ऋत्विकला ते पटलं. बाबांच्या पोटरीवर निळा डागही होता. बाबा म्हणाले, वल्हं लागलं असेल. तेही पटलं. त्या आठवड्यात त्याला काहीही पटत होतं.

दुपारी मशिनने पुन्हा तोच डोंगर काढला. वैतागून त्याने डबा उघडला. समोर दिशा बसली होती, त्याच्या हाताखाली संशोधन करणारी मुलगी. तिने नाक वर केलं.

“सर, श्रावण संपला म्हणायचा. महिनाभर तुमच्या डब्याला गवताचा वास येत होता.”

ऋत्विकने डब्यात पाहिलं. सौंदाळ्याचं कालवण, भात. हिरवं एक पान नाही.

श्रावण लागला की त्यांच्या घरी थेट गणपती विसर्जनापर्यंत मासळी बंद व्हायची आणि पावस गावची मालनआत्या भारंगी, कुर्डू, अळू, शेवग्याचा पाला यांचे भारे घेऊन यायची. सकाळ-संध्याकाळ पाला. आणि हिरव्या पाल्यातलं के जीवनसत्त्व नेमकं याच गोळीच्या विरुद्ध काम करतं. हे ऋत्विक दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवायचा. परीक्षेत विचारायचाही. चुकलं की गुण कापायचा.

जेवणात बदल नव्हताच. श्रावण दरवर्षी येतो, तो बदल कसा? पण झडपेचा हा पहिलाच श्रावण होता. गोळी वाढली ती पाल्याशी लढायला. आता पाला गेला, गोळी तेवढीच राहिली.

त्याने घरी फोन लावला. आई म्हणाली, ते बंदरावर गेलेत, शेजारच्या रूपेशच्या होडीचं इंजिन उघडलंय, हात लावायला. ऋत्विकने विचारलं, हत्यारं कसली? आई म्हणाली, इंजिन काय फुंकरीने उघडतात?

रिक्षावाल्याला त्याने सांगितलं, जोरात घ्या. मग सांगितलं, सांभाळून घ्या. मग पुन्हा जोरात. रिक्षावाला म्हणाला, एकदा तुमचं ठरवा, तोवर मी आपल्या मनाने नेतो.

बाबा फळीवर बसले होते, मान मागे टाकून. नाकाला रूपेशने इंजिन पुसायचं फडकं लावलं होतं. फडकं आधी कुठल्या रंगाचं होतं ते आता सांगता आलं नसतं.

“काय नाय रे,” बाबा म्हणाले. “उन्हाने फुटलंय. मघाधरून चाललंय.”

आभाळ गच्च भरलेलं होतं. ऊन कुठेच नव्हतं.

इस्पितळात आकडा आला तो ऐकून तिथल्या डॉक्टरांनी आधी खुर्ची ओढून घेतली, आणि मग बाबांना झोपवलं. गोळी थांबवली, उलट काम करणारं औषध दिलं. बाबांनी विचारलं, हे काय? ऋत्विक म्हणाला, पाल्यातलंच असतं ते, औषध करून दिलंय. 

“म्हंजे मला पालाच देताय,” बाबा म्हणाले. “विसर्जन झाल्यावर.”

नाकातलं रक्त संध्याकाळी थांबलं. पोटरीवरचा डाग मात्र पसरत होता, आणि आई पदराने तो झाकत होती, जणू लोक बघतील. ऋत्विक खाटेशी उभा होता. महिनाभर तो रक्तातला रेणू न् रेणू सोडवत बसला होता, आणि ताट रोज त्याच्या समोर वाढलं जात होतं. त्याच्याच ताटाशेजारी.

मुंबईहून फोन आला. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, आता सावध राहू, रोज साधारण सारखंच खायचं. आणि सवयीने विचारलं, सध्या जेवणात काही बदल?

आईने तोंड उघडलं. ऋत्विकने तिच्या हातावर हात ठेवला आणि फोन बाबांच्या कानाशी धरला.

“सांगा, बाबा. सगळं.”

बाबांनी घसा खाकरला. नाकातल्या कापसामुळे आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता.

“बाई, बसून घ्या,” ते म्हणाले. “चैत्रापासून सांगतो.”