पोचा पडलेला हंडा

बघणाऱ्याला डोळा असेल तर सौंदर्य दुष्काळातही दिसतं. बहात्तर साली उस्मानाबादेत ते आमच्या गल्लीच्या नळावर दिसत असे, कारण दुसरं काही नळातून येतच नव्हतं.

नळावर रांग माणसांची नसे, भांड्यांची असे. हंडा, घागर, डालड्याचा डबा. ज्याचं भांडं जिथं, त्याचा नंबर तिथं. गजराबाईचा पोचा पडलेला पितळी हंडा पहाटेपासून सगळ्यांत पुढं होता. तिला खडी फोडायला जायचं होतं आणि समोरच्या ओट्यावर चित्रकलेचे हिंमतराव मास्तर कागद पसरून बसले होते.

"मास्तर, हंड्यावर ध्यान ठिवा. लेकीच्या बाळाची आज पाचवी हाय. घरात थेंब न्हाय, लेकराला न्हाऊ घालायचंय."

"निश्चिंत जा, गजराबाई. हंडा जागचा हलणार नाही."

ती गेली. मास्तर रांगेकडं बघत राहिले. असा आकार, असा उजेड त्यांनी मुंबईच्या परीक्षेतही पाहिला नव्हता. फक्त पितळ पुढं फार चमकत होतं. त्यांनी उठून हंडा शेवटी नेऊन ठेवला.

डबा घेऊन बसलेली धुरपदाबाई म्हणाली, "मास्तर, भांडं हाललं की नंबर हालतो."

"दोन मिनिटांचं काम. पितळ मागं गेलं की चित्राला खोली येते."

"आमच्यात धा मान्सांत एकच खोली हाय," धुरपदाबाई म्हणाली आणि गप्प बसली. तिचा डबा आता पहिला होता.

मास्तर रंगात रंगले. दुपारी नळ खोकला आणि आला. बायका आपापल्या भांड्यांपाशी धावल्या. हंडा कुणाचा आणि कुठं होता, हे साऱ्या जणींना माहीत होतं. पण रांग म्हणजे रांग. हंड्यापुढं दोन भांडी उरली असताना नळ गेला.

गजराबाई आली. कोरडा हंडा पाहिला, मग मास्तरांकडं.

"गजराबाई, तिथं फार शोभला हो," मास्तर म्हणाले आणि कागद पुढं केला.

तिनं चित्र बराच वेळ पाहिलं.

"माजाच हाय. पोचा बी बराबर काढलाय." मग म्हणाली, "येवढं बारीक बघितलंत, मास्तर. माजा नंबर तेवढा दिसला न्हाय व्हय?"

मास्तरांनी कागद परत घेतला. चित्राला नाव दिलं, 'प्रतीक्षा'. पाचवीला लेकराचं अंग शेजारणीच्या ओल्या फडक्यानं पुसलं. फडकं धुरपदाबाईचं होतं.

पुढं गावातल्या एका सहकारी सोसायटीच्या प्रदर्शनात 'प्रतीक्षा'ला पहिलं बक्षीस मिळालं. चेअरमन भाषणात म्हणाले, हे आमच्या सहकाराचं जिवंत दर्शन आहे. अजून ते सोसायटीच्या कचेरीत, पिण्याच्या माठावर टांगलेलं आहे.

चित्र जलरंगात आहे.